पोट्टं मारकुटं का होतं?

माणूस आयुष्यात सर्वांत जास्त हाणामारी कोणत्या वयात करतो? कुणालाही विचारा, उत्तर सोळा ते पंचविशीच्या आसपास येईल. पोलीस ठाण्याच्या नोंदी पाहिल्या तर ते पटतंही. मॉन्ट्रियलचे मानसशास्त्रज्ञ रिचर्ड ट्रेम्ब्ले यांनी मात्र लहान मुलांचा वर्षानुवर्षं मागोवा घेऊन वेगळंच सांगितलं. चावणं, ओरबाडणं, ढकलणं, हातातलं हिसकावणं, लाथ मारणं या सगळ्यांचा कळस होतो तो वयाच्या दुसऱ्या ते चौथ्या वर्षाच्या दरम्यान. अडीच वर्षांच्या बाळाच्या अंगात ताकद नसते आणि हातात दगड मावत नाही, म्हणून आपण त्याचा फटका कौतुकाने खातो, एवढंच. पुढे भाषा येते, वाट पाहता येते, दुसऱ्यालाही दुखतं हे कळू लागतं आणि बहुतेक मुलांतलं हे मारणं वर्षागणिक उतरत जातं.

म्हणजे आपला नेहमीचा प्रश्नच उलटा आहे. ‘हा असं मारायला कुठून शिकला?’ असं आपण विचारतो आणि शेजारच्या मुलाकडे, टीव्हीकडे, मामाच्या घराण्याकडे बोट दाखवतो. विचारायचं असतं ते हे की इतर मुलं न मारायला शिकली, ते याचं का राहून गेलं? हात आखडता घेणं ही शिकण्याची गोष्ट आहे. ती कुणीतरी शिकवावी लागते आणि सराव करून अंगवळणी पाडावी लागते.

ट्रेम्ब्ले आणि डॅनियल नेगिन यांनी मॉन्ट्रियलच्या 1,037 मुलग्यांना सहाव्या वर्षापासून पंधराव्या वर्षापर्यंत पाहिलं. 1999 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सतत जास्त मारकुटी राहिलेली मुलं चार टक्क्यांच्या आसपास होती. बाकीची एकतर आधीपासून शांत होती किंवा हळूहळू निवळत गेली. बालपणी अगदी शांत आणि पंधराव्या वर्षी अचानक मारकुटा, असा वेगळा गट त्यांना सापडला नाही.  

याचा अर्थ मूल बघून काहीच शिकत नाही, असा नाही. 1961 साली स्टॅनफर्डमध्ये अल्बर्ट बांडुरा यांनी बालवाडीतल्या मुलांसमोर एका मोठ्या माणसाला हवा भरलेल्या बाहुल्याला हातोडीने झोडपायला लावलं. नंतर मुलांना त्याच बाहुल्यापाशी सोडलं, तेव्हा त्यांनी हातोडी तशीच धरली आणि शब्दही तेच वापरले. मारण्याची ऊर्मी मुलाजवळ असतेच. कुणाला मारायचं, कसं मारायचं आणि मारल्यावर काय पदरात पडतं, हे मात्र ते आपल्याकडे बघून ठरवतं. त्यातला शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा, आणि घरात सर्वांत कमी लक्ष जातं ते त्याच्याकडेच.

मारून काय मिळतं याचा हा हिशेब मिहान प्रकल्पाच्या परिसरात उघडा दिसतो. नागपूरच्या दक्षिणेला, वर्धा रोड आणि विमानतळ यांना लागून मालवाहतुकीचं केंद्र आणि विशेष आर्थिक क्षेत्र उभारायचं म्हणून 2002 साली महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली. शिवणगाव, खापरी, तेल्हारा, दहेगाव, कलकुही या गावांच्या जमिनी गेल्या. त्या जागी टीसीएस, एचसीएल, इन्फोसिससारख्या कंपन्या आल्या, विमानदुरुस्तीचा तळ आला, आयआयएम आली आणि एम्सही आलं. एम्सच्या या आवाराचं लोकार्पण 11 डिसेंबर 2022 रोजी झालं. बालरोग आणि मानसोपचार हे दोन्ही विभाग तिथे एकाच आवारात आहेत.

तिथल्या ओपीडीच्या रांगेत शेजारी शेजारी बसू शकतील अशी दोन घरं डोळ्यांसमोर आणा. एक घर टॉवरमधलं. आईबाबा दोघेही कंपनीत, क्लायंट अमेरिकेतला, त्यामुळे बाबांची कॅब पहाटे परतते आणि दिवसा घरात आवाज बंद. दुसरं घर गावातून उठून पुनर्वसनाच्या लेआउटमध्ये आलेलं. आजोबांचं वावर होतं, बाप कुठल्यातरी गेटवर बारा तासांची ड्युटी करतो आणि चौदा वर्षांचा पोरगा दिवसभर नाक्यावर असतो. पहिल्या घरातलं पोरगं पाच वर्षांचं, ते आईला बुक्क्या मारतं. दुसऱ्या घरातल्या पोराने वर्गातल्या मुलाचं डोकं फोडलं. शेजारपाजारच्या निकालात पहिलं लाडावलेलं ठरतं आणि दुसरं वाया गेलेलं. दोन्ही निकाल निरुपयोगी आहेत, कारण त्यांतून पुढे काय करायचं ते कळत नाही.

पहिल्या घरातली संध्याकाळ जरा जवळून बघू. साडेसात वाजलेत. आई पोळ्या लाटतेय, बाबा शिफ्टच्या आधी आत झोपलेत.

“आई, मोबाईल दे.”

“आत्ता नाही. सकाळपासून किती बघितलास.”

“दे ना!”

“नाही म्हटलं ना एकदा.”

पोरगा पाय आपटतो. आवाज चढतो. “हळू बोल, बाबा झोपलेत.” तो आणखी जोरात ओरडतो, स्टूल पाडतो, आईच्या मांडीवर बुक्की मारतो. आतून बाबांचा आवाज येतो, “काय चाललंय?” आई ओट्यावरचा मोबाईल उचलून त्याच्या हातात कोंबते. “घे! बस आता कोपऱ्यात.” घर क्षणात शांत.

अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये जेराल्ड पॅटरसन आणि त्यांचे सहकारी अशा घरांत वही घेऊन बसत आणि कोण काय बोललं, त्यावर कोणी काय केलं, हे काही सेकंदांच्या अंतराने टिपत. त्यातून त्यांना दिसलं की या झटापटीत बक्षीस दोघांनाही मिळतं. मुलाला मोबाईल मिळतो. आईला शांतता मिळते. दोघांनीही पुढच्या वेळी तेच करण्याची शक्यता वाढते, आणि दोघांनाही आपण काही शिकतोय याचा पत्ता नसतो. फरक एकच, की मुलगा एक पायरी वर चढलेला असतो. मागण्याने झालं नाही, ओरडण्याने झालं नाही, बुक्कीने झालं. उद्या तो बुक्कीपासूनच सुरुवात करेल. वेळ वाचतो ना!

यातही एक उपकथा आहे आणि ती माहीत नसल्यामुळे भले भले आईबाप हरतात. आई ठरवते, आजपासून रडला तरी मोबाईल द्यायचा नाही. पहिल्या दिवशी पोरगा नेहमीच्या दुप्पट आकांत करतो. दुसऱ्या दिवशी त्याहून जास्त. आजी म्हणते, “अगं, दे बाई एकदाचा, आजारी पडेल तो.” आई हरते आणि म्हणते, हा उपाय आमच्या मुलाला लागू पडत नाही. वास्तविक तो लागू पडतच होता. इतके दिवस चालणारं बटण अचानक चालेनासं झालं की आपणही ते चारदा जोरात दाबतो. मूल तेच करत होतं. अशा वेळी आकांत आधी वाढतो आणि मग ओसरतो. नेमक्या कळसाला मोबाईल दिला तर मुलाला कळतं की पुढच्या वेळी इतकं ताणावं लागेल. नऊ वेळा नाही म्हणून दहाव्यांदा हो म्हणणं हे पहिल्यांदाच हो म्हणण्यापेक्षा महागात पडतं. म्हणून जिथे खरोखर टिकता येईल, तिथेच नाही म्हणावं. पाहुणे बसलेत, नवरा झोपलाय, अंगात ताप आहे, अशा दिवशी नवा नियम सुरू करू नये.

मग करायचं काय? मोबाईलची वेळ मागण्याशी न बांधता घड्याळाशी बांधायची: जेवण झाल्यावर वीस मिनिटं, रडला तरी तेवढीच, शहाणा वागला तरी तेवढीच. पोरगा मागून नाही मिळाल्यावर नुसता फुरंगटून बसला, मारलं नाही, तर त्याच क्षणी पोळी तव्यावर ठेवून सांगायचं, “राग आला होता ना? तरी हात नाही उचललास. आवडलं मला.” आपल्याकडे हे कुणी करत नाही. मूल गप्प असलं की आपण सुटकेचा नि:श्वास टाकून कामाला लागतो आणि ओरडलं की धावत जातो. त्यामुळे दिवसभरातलं आपलं सगळं लक्ष त्याच्या वाईट वागण्याच्या वाट्याला जातं. बुक्की मारलीच तर हात धरून थांबवायचं, दोन शब्दांत सांगायचं आणि भाषण गिळून टाकायचं. रागाने लाल झालेल्या मुलाच्या कानात उपदेश शिरत नाही. तो अर्ध्या तासाने करावा, आणि तेव्हाही थोडाच.

इथे घरातला पुरुष बहुधा म्हणतो, “एक ठेवून दिली असती तर केव्हाच सरळ झाला असता.” होतोही, पाच मिनिटं. म्हणूनच थप्पड इतकी लोकप्रिय आहे. तीही त्याच सापळ्यातली, फक्त या वेळी बक्षीस मारणाऱ्या बापाला मिळतं. एलिझाबेथ गर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर यांनी 2016 साली 75 अभ्यास आणि 1,60,000 हून अधिक मुलांची माहिती एकत्र करून पाहिली. धपाटे खाणाऱ्या मुलांत आक्रमकता कमी नव्हती, जास्तच होती. आधीच मारकुटं मूल जास्त मार खातं हेही खरंच, म्हणून कार्यकारणाचा वाद संपलेला नाही. पण मारामुळे मूल सुधारतं, असा पुरावा त्या ढिगाऱ्यातून निघाला नाही, हे पुरेसं बोलकं आहे. शाळेत तर प्रश्नच नाही. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 17 ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी आणली आहे. तरीही पालकसभेत “सर, हाणा याला, आमची परवानगी आहे” असं म्हणणारे पालक असतात. परवानगी देण्याचा अधिकार त्यांना कायद्याने दिलेला नाही.

माराचा आणखी एक परिणाम दिसायला वेळ लागतो. केनेथ डॉज या मानसशास्त्रज्ञाने मुलांना संदिग्ध प्रसंग दाखवून विचारलं, की समोरच्याने हे का केलं असेल? कुणाचा धक्का लागून तुझं कोडं विस्कटलं, तर तो चुकून लागला की मुद्दाम? मारकुटी मुलं ‘मुद्दाम’ हे उत्तर जास्त देतात. डॉज आणि सहकाऱ्यांनी 1990 साली दाखवलं, की घरात शारीरिक मार सोसलेल्या मुलांत हा संशय जास्त असतो. नवल नाही. ज्या घरात थप्पड कधी येईल याचा नेम नाही, तिथे प्रत्येक हालचालीत धोका बघणं हीच शहाणीव ठरते. तीच शहाणीव घेऊन पोरगा वर्गात येतो, मधल्या सुट्टीत कुणाचा खांदा लागतो आणि पुढचं सगळं त्याच्या दृष्टीने स्वसंरक्षण असतं. दुसऱ्या घरातल्या त्या चौदा वर्षांच्या पोराला ‘का मारलंस?’ विचारलं की तो म्हणतो, “त्यानंच सुरू केलं.” तो खोटं बोलत असेलच असं नाही. त्याला तसंच दिसलेलं असतं. अशा मुलाबरोबर काम करताना समुपदेशक आधी हेच शिकवतो, की त्या धक्क्याचे आणखी दोन अर्थ काय निघू शकतात.

सगळी आक्रमकता तापट नसते, हेही ध्यानात घ्यावं. एक मूल भडकून मारतं आणि नंतर रडतं, त्याला स्वतःचीच लाज वाटते. दुसरं थंड डोक्याने मारतं. डबा हवा असतो, वर्गात दरारा हवा असतो, आणि नंतर रडू वगैरे येत नाही. पहिल्याला राग आवरायला शिकवावं लागतं. दुसऱ्याच्या बाबतीत दादागिरीतून मिळणारा नफा बंद करावा लागतो आणि वर्गातल्या बघ्यांना आपल्या बाजूला घ्यावं लागतं. दोघांना एकच शिक्षा दिली तर एकाचा तरी हमखास तोटा होतो. मुलींची आक्रमकता तर शाळेच्या नोंदीतच येत नाही, कारण ती रक्त काढत नाही. ‘हिच्याशी कोणी बोलायचं नाही’ असं ठरवणं, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून काढून टाकणं, खोटी कुजबूज पेरणं. 1995 साली निकी क्रिक यांनी या नात्यांतल्या मारामारीला अभ्यासाच्या चौकटीत आणलं. ज्या आईने मुलीला असं एकटं पडताना पाहिलंय, तिला ते संशोधन वाचायची गरज नाही.

डॉक्टरांकडे गेल्यावर ते पहिले प्रश्न रागाचे विचारत नाहीत, हे बघून पालक चकित होतात. झोप किती? ऐकायला नीट येतं का? बोलायला कधी लागला? शाळेत वाचता येतं का? कारण तीन वर्षांचं मूल ‘मला नको’ हे वाक्य बोलू शकत नसेल, तर ते वाक्य त्याचे दात बोलतात. कानात पाणी साचून कमी ऐकू येणारं मूल हाका मारूनही ‘ऐकत नाही’ म्हणून मार खातं आणि मग उलटून मारतं. अतिचंचल मुलाचा हात विचाराच्या आधी सुटतो. स्वमग्न मुलाला मिक्सरचा आवाज किंवा बदललेला रस्ता असह्य होतो. विदर्भात सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे आणि हाडं ठणकत असताना कुठलंच मूल गोड वागत नाही. आणि किशोरवयातलं नैराश्य. ते दरवेळी उदास चेहऱ्याने येत नाही. वारंवार ते चिडचिडीच्या रूपात येतं, दार आपटत येतं, म्हणून घरच्यांना ते माजासारखं दिसतं. निदानाच्या निकषांमध्येही मुलांसाठी उदास मनाच्या जागी चिडखोर मन धरलेलं आहे. वर्षभर चांगला असलेला पोरगा दोन महिन्यांत अचानक खवळायला लागला, तर ‘वयच तसं आहे’ म्हणून सोडू नये. कुणी छळतंय का, कुणी अंगाला हात लावलाय का, काही नशा सुरू झालीय का, हे आधी शोधावं.

नशेचं म्हणाल तर नागपूरला बाहेरचं काही लागत नाही, खर्रा आहे. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून केलेला हा प्रकार आठवी-नववीच्या पोरांच्या खिशात सापडतो. निकोटीनची सवय लागली की ते न मिळालेल्या तासांत चिडचिड होते, एकाग्रता जाते, आणि घरी ती नेमकी संध्याकाळी अभ्यासाला बसताना दिसते. आई म्हणते, अभ्यासाचं नाव काढलं की अंगावर येतो. बिचाऱ्या अभ्यासाचा त्यात दोष कमीच.

झोपेबद्दल तर आपण सगळे मिळून मुलांवर अन्याय करतो. तेरा ते अठरा वयात आठ ते दहा तास झोप लागते, आणि याच वयात शरीराचं घड्याळ पुढे सरकून झोप उशिरा येऊ लागते. म्हणजे अकरा-साडेअकराला झोपणारा पोरगा सहाला उठवला तर रोजचा किमान एक-दीड तासाचा तोटा. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी 2024 मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा आदेश काढला. चांगलं झालं. पण झोपेचं घड्याळ ज्यांचं खरोखर पुढे सरकलेलं असतं ते आठवी-नववीचे, त्यांची स्कूल व्हॅन मात्र अजून अंधारातच हॉर्न वाजवते. मोबाईलच्या गेममुळे मुलं हिंसक होतात का, यावर संशोधकांची भांडणं चालू आहेत आणि दिसणारा परिणाम लहान आहे. रात्री एक वाजेपर्यंत चाललेल्या गेमने खाल्लेली झोप मात्र दुसऱ्या दिवशी राग बनून बाहेर येते, त्यासाठी वादात पडायची गरज नाही.

किशोरवयात मेंदूचा पुढचा भाग, म्हणजे थांबणं, तोलणं, परिणाम बघणं ही कामं करणारा भाग, अजून तयार होत असतो. ते काम विशीच्या मध्यापर्यंत चालतं. भावनेचा आणि बक्षिसाचा भाग त्याआधीच जोरात असतो. आणि त्यात मित्र. लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि मार्गो गार्डनर यांनी 2005 साली गाडी चालवण्याच्या एका खेळात दाखवलं, की एकटा असताना किशोर फार धोका पत्करत नाही, मित्र बघत असले की पत्करतो. मोठ्या माणसांत हा फरक जवळजवळ दिसला नाही. म्हणून पोरगा एकट्याने भेटला की गरीब गाय वाटतो आणि चौकात चौघांत वेगळाच. शिक्षकाने वर्गासमोर पाणउतारा करू नये, ते याच कारणासाठी. मित्रांसमोर माघार घेणं त्या वयात फार महाग असतं. बाजूला घेऊन बोललं तर तोच पोरगा ऐकतो. टेरी मॉफिट यांनी 1993 मध्ये मांडलं, की बेशिस्त किशोरांपैकी बरेचजण फक्त त्या वयापुरते तसे असतात आणि नोकरी-संसाराला लागले की सुटतात. लहानपणापासून सगळीकडेच मारकुटी असलेली मुलं थोडी असतात, आणि मदतीची खरी निकड त्यांना असते. धोका असा, की पहिल्या प्रकारातल्या पोरावर एकदा गुन्हेगाराचा शिक्का बसला, शाळा सुटली, की सुटण्याची वाटच बंद होते.

नागपूरला या बाबतीत एक दाखला घरचाच आहे. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी 2001 साली पावसात झोपडपट्टीतली पोरं एका फुटक्या बादलीला लाथा मारत खेळताना पाहिली. त्यांनी पोरांना चेंडू दिला, संघ बांधायला लावले, आणि त्यातून ‘स्लम सॉकर’ उभं राहिलं. 2016 चा फिफा डायव्हर्सिटी पुरस्कार या संस्थेला मिळाला. 2022 साली नागराज मंजुळे यांच्या ‘झुंड’मध्ये अमिताभ बच्चन यांनी बारसेंवर बेतलेली भूमिका केली, तेव्हा उरलेल्या देशाला हे कळलं.

या गोष्टीचा एक चुकीचा अर्थ मात्र फार पसरला आहे: पोरांच्या आत साठलेला राग फुटबॉलला लाथा मारून बाहेर निघतो, म्हणून ती शांत होतात. राग म्हणजे कुकरची वाफ, शिटी झाली की मोकळी, ही समजूत ऐकायला छान आहे. ब्रॅड बुशमन यांनी 2002 साली ती तपासली. चिडवलेल्या विद्यार्थ्यांपैकी काहींना चिडवणाऱ्याचा विचार करत गुद्दे मारायच्या पिशवीवर ठोसे मारायला लावले, काहींना नुसतं बसवून ठेवलं. ठोसे मारणारे जास्त चिडलेले निघाले, नुसते बसलेले सर्वांत कमी आक्रमक. उशी बडवून राग जात नाही, रागाचा सराव होतो.

मग फुटबॉलने काय होतं? माझ्या मते लाथेने काहीच होत नाही, शिटीने होतं. मैदानात ठरलेली वेळ असते. कुणीतरी मोठं माणूस रोज येतं आणि काल भांडलास म्हणून आज हाकलून देत नाही. पाय अडकून पडलास तर तो फाऊल आहे, मुद्दाम की चुकून हे तू ठरवायचं नाहीस, रेफ्री ठरवेल. उलटून मारलंस तर संघ तुझ्यावाचून खेळेल आणि हरेल, आणि ते मित्रांसमोर. मघाशी ज्या मित्रांच्या नजरेने पोरगा बिघडत होता, त्याच नजरेला इथे सावरण्याच्या कामाला जुंपलेलं असतं. डॉजचं, पॅटरसनचं, स्टाइनबर्गचं सगळं शिक्षण नव्वद मिनिटांत, कुणी व्याख्यान न देता. मिहानच्या नकाशावर कंपन्यांचे प्लॉट आखले तेव्हा पुनर्वसनाच्या लेआउटमधल्या पोरांसाठी पुरेशी मैदानं आखली गेली का, हा प्रश्न मानसोपचाराच्या बाहेरचा मुळीच नाही.

गोष्ट पोलिसांपर्यंत गेलीच तर अठरा वर्षांखालच्या मुलाला कायदा आरोपी न म्हणता विधिसंघर्षग्रस्त बालक म्हणतो. त्याला बाल न्याय मंडळासमोर नेलं जातं, कोठडीत ठेवता येत नाही. 2015 च्या कायद्याने सोळा ते अठरा वयोगटातल्या अतिगंभीर गुन्ह्यांत मंडळाला मुलाच्या समजेची प्राथमिक तपासणी करून प्रकरण बाल न्यायालयाकडे पाठवता येतं. पण तिथवर पोहोचणारी मुलं मूठभर. त्यांच्यामागे किती मोठी रांग आहे, त्याचा अंदाज राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणातून येतो. बंगळुरूच्या निम्हान्सने 2015-16 मध्ये केलेल्या त्या सर्वेक्षणात तेरा ते सतरा वयोगटातल्या 7.3 टक्के मुलांमध्ये कुठला ना कुठला मानसिक विकार आढळला.

मदत कधी घ्यावी? सहा महिने झाले तरी घरी, शाळेत, नातेवाइकांत सगळीकडे तेच चाललंय, वय वाढतंय पण मारणं उतरत नाही, तर घ्यावी. प्राण्यांना मुद्दाम छळणं, आग लावणं, हातात चाकू-पट्टा येणं, ‘मी मरतो’ किंवा ‘याला मारून टाकतो’ असं बोलणं, यांपैकी काहीही दिसलं तर सहा महिने थांबायचं नाही, त्याच आठवड्यात जायचं. नागपुरात मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं आहेत, 1864 पासूनचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. त्या रुग्णालयापाशीच्या चौकाला गावाने पागलखाना चौक असं नाव पाडलं आणि त्या नावाच्या धास्तीने किती पालक मुलाला घेऊन अर्ध्या वाटेतून परतले असतील, देव जाणे. एम्सच्या मोठ्या इमारतीत शिरताना कोण कुठल्या खोलीत चाललाय हे बघणाऱ्याला कळत नाही. मिहानच्या पालकांसाठी ही सोय लहान नाही.

राग घालवणारी गोळी मागू नका. तशी गोळी नसते. अतिचंचलता, नैराश्य, फिट्स असं मागे काही असेल तर त्यावर औषध असतं आणि ते घेतल्याने हात सुटणं कमी होतं. बाकीचा मोठा भाग पालकांच्या प्रशिक्षणाचा. ‘मुलगा मारतो आणि शिकायचं आम्ही?’ असं वाटेल. होय, कारण डॉक्टर आठवड्यातून एकदा भेटतो, पण मूल भडकल्यानंतरची दोन मिनिटं तुमच्या हातात रोज असतात. जाण्याआधी दोन आठवडे एका वहीत एवढंच लिहा: किती वाजता भडकला, त्याआधी नेमकं काय झालं, समोर कोण होतं, आणि भडकल्यावर त्याला काय मिळालं किंवा काय टळलं. ती वही बरोबर न्या. जाणं लगेच जमत नसेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा 14416 हा सरकारी क्रमांक फिरवा. तो चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. मुलावर अत्याचार होत असल्याची शंका असेल तर 1098.